परदेशी निघताना तब्येतीची तयारी: काय आधी, काय नंतर

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला, पोराकडे जर्मनीला, उमराहला, नाहीतर कामासाठी आखातात. परभणी, लातूर, बीडकडच्या घरांतून परदेशी जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. व्हिसाची फाइल तीन महिने आधी उघडते, शेंगदाण्याची चटणी आठ दिवस आधी कुटून होते, आणि तब्येतीचं काम मात्र निघायच्या दिवशी संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर येतं. "सहा महिन्याच्या शुगरच्या गोळ्या द्या, बीपीच्या बी द्या, रात्री ट्रॅव्हल्स हाय." चिठ्ठी मागितली तर उत्तर ठरलेलं: "चिठ्ठी कामून? गोळ्या त्याच हायेत की!"

मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो, म्हणून सांगतो. यात हलगर्जीपणा कमी असतो, क्रमाचा घोळ जास्त. लस घेतल्यावर तिचा परिणाम व्हायला दिवस लागतात. डॉक्टरांनी गोळी बदलली तर नवी गोळी मानवते की नाही हे कळायला दोन-तीन आठवडे जातात. विमा कंपनी आधीचे आजार विचारते आणि ते तपासणीशिवाय नीट सांगता येत नाहीत. किती गोळ्या न्यायच्या हे डोस पक्का झाल्यावरच ठरतं. म्हणजे गोळ्यांची खरेदी जवळजवळ शेवटची पायरी आहे आणि आपण सुरुवात तिथून करतो.

खालचा क्रम निघण्याच्या तारखेपासून मागे मोजून लावलेला आहे. आठ आठवडे हाताशी असतील तर उत्तम, सहा असले तरी भागतं. चारच उरले असतील तर टप्पा २ आणि ३ याच आठवड्यात उरका.

टप्पा १: एक कागद, तीन गोष्टी (आठ आठवडे आधी)

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहून काढा.

पहिली गोष्ट, कुठे आणि कोणत्या मार्गाने. मधे विमान बदलणार असाल तर तो देशही लिहा. औषधांचे नियम तिथेही आडवे येऊ शकतात, आणि मुक्काम एका रात्रीचा असेल तर नक्कीच येतात.

दुसरी, किती दिवस आणि कोणासोबत. नातवाला सांभाळायला जाणाऱ्या आजीला ज्या लसी लागतील त्या फिरायला निघालेल्या जोडप्याला लागतीलच असं नाही.

तिसरी गोष्ट अंगाची: चालू आजार, चालू गोळ्या, जुन्या शस्त्रक्रिया, स्टेंट किंवा पेसमेकर, बदललेला गुडघा, मूतखड्याचा त्रास, कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठतात. यातच एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहा, जी डॉक्टरांना सहसा कोणी सांगत नाही. गुडघेदुखीवर गावाकडून येणारी बिननावाची पुडी. अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्या परदेशी नेता येत नाहीत आणि महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर माणूस खरंच आजारी पडतो. हे आठ आठवडे आधी कळलं तर डॉक्टर मार्ग काढतात. विमानतळावर पुडी कचऱ्यात टाकावी लागली तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

*तपासा:* कागदावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहिलंय का? पासपोर्टवर "विठ्ठल" आणि दवाखान्याच्या फाइलवर "विठ्ठलराव" किंवा नुसतं "आबा" असं असतं. आजपासून प्रत्येक चिठ्ठी, रिपोर्ट आणि बिल पासपोर्टवरच्या नावानेच घ्या.

टप्पा २: डॉक्टर, दात, डोळे (सात ते आठ आठवडे आधी)

नेहमीच्या डॉक्टरांकडेच जा, फक्त "परदेशी चाललोय" हे वाक्य आत शिरताच बोला. उठता उठता सांगितलं की पाठीवर थाप आणि शुभेच्छा मिळतात, तपासणी होत नाही. तालुक्याच्या गावी हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे डॉक्टर महिन्यातून ठरलेल्या दिवशीच येतात. तो वार चुकला की महिना गेला. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं गाठणार असाल तर कोणत्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी आहे हे आधी विचारून घ्या.

मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी किमान एचबीए-वन-सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), किडनीसाठी क्रिएटिनिन आणि ईसीजी करून घ्यावा. ईसीजीची प्रत सोबत न्या. तिकडे छातीत दुखलं तर नवा ईसीजी पाहणाऱ्या डॉक्टरला जुना हाताशी असणं फार कामाचं असतं. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) कधी तपासायचा आणि तिथे कुठे, हे आत्ताच ठरवा.

अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर दोघांना विचारायचं, सर्जनला आणि विमान कंपनीला. सर्जन "चालतंय" म्हणाले तरी कंपनी तिचा वैद्यकीय फॉर्म भरून मागू शकते. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत गॅसचा बुडबुडा सोडला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचंच नाही. वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि नजर जाऊ शकते. गरोदर बाईसाठी बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर घेत नाहीत, जुळं असेल तर त्याही आधी थांबवतात. परतीच्या तिकिटाचा आठवडा मोजा, जातानाचा नाही.

दात आत्ताच. प्रवासी विम्यात दातांचा खर्च बहुधा नसतो किंवा नावापुरता असतो, आणि अमेरिकेत एका रूट कॅनालला येणारा खर्च ऐकून दुसरा दात दुखायला लागेल. शिकायला जाणाऱ्या पोरांनी अक्कलदाढेचा एक्स-रे काढून घ्यावा. चष्म्याचा नंबर नवा करून दोन चष्मे घ्या.

*इशारा:* याच भेटीत डॉक्टरांनी गोळी बदलली तर लगेच सहा महिन्यांचा साठा घेऊ नका. दोन-तीन आठवडे नवी गोळी घरी घेऊन बघा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, काहींनी पाय सुजतात. हे इथेच कळलेलं बरं.

टप्पा ३: लसी (सहा आठवडे आधी)

"लस" म्हटलं की लोक कोविडवर अडकतात. खरं तर लसींचे दोन वेगळे हिशेब असतात. एक देशात शिरण्यासाठी सक्तीच्या, दुसऱ्या स्वतःच्या अंगासाठी. गल्लत इथेच होते.

सक्तीच्या आधी बघू. केनिया, युगांडा, नायजेरिया, घाना अशा आफ्रिकी देशांत किंवा दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागात जाणार असाल तर पीतज्वराची लस. ही खासगी दवाखान्यात किंवा मेडिकलवर मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच टोचतात आणि पिवळं कार्ड तिथेच मिळतं. आपल्याकडच्या बहुतेकांना त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं, म्हणून वेळ आधी घ्या. कार्ड लस टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. दहा दिवसांच्या आत निघालात तर कार्ड असून नसल्यासारखं. त्या देशांतून परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

साठीच्या पुढच्यांना, गरोदर बायकांना, अंड्याची तीव्र अॅलर्जी असणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना ही लस द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. रांगेत उभं राहिल्यावर हा विषय काढू नका.

हज किंवा उमराहसाठी मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस लागते. ती सौदीत पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी आणि प्रमाणपत्रावर लसीचा प्रकार नीट लिहिलेला हवा. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचं लसीकरण ठरलेल्या शिबिरात होतं. खासगी टूरने उमराहला जाणारे मात्र "टूरवाला बघून घेईल" म्हणून बसून राहतात. टूरवाल्याला आजच विचारा.

ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवसांसाठी जाणाऱ्याला व्हिसाआधीच क्षयाची तपासणी लागते, तीही त्यांनी मान्य केलेल्याच केंद्रात. जिल्ह्याच्या गावी काढलेला छातीचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी तिथे चालत नाही.

अमेरिकेत शिकायला निघालेल्यांसाठी विद्यापीठाचा लसींचा फॉर्म हे वेगळंच प्रकरण असतं. गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एमएमआर लसीचे दोन डोस बहुतेक ठिकाणी मागतात आणि दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड अंगणवाडीत, आजोळच्या पेटीत, कुठे आहे ते आज शोधा. सापडलं नाही तर रक्तातली प्रतिकारद्रव्यं तपासून भागतं का ते विद्यापीठाला विचारा, नाहीतर डोस पुन्हा घ्या. क्षयाची तपासणी मागितली असेल तर हातावर टोचण्याच्या चाचणीपेक्षा रक्ताची इग्रा चाचणी चालते का हे बघा. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते आणि तिच्यामुळे हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

आता अंगासाठीच्या. बाळंतपणाला जाणाऱ्या आजी-आजोबांनी टीडॅप लस घ्यावी. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्पासोबत डांग्या खोकल्याचं संरक्षण असतं. मोठ्यांचा साधा वाटणारा खोकला दोन महिन्यांच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बाळाला हात लावायच्या किमान दोन आठवडे आधी ती झालेली हवी. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हे आईला विचारतात, आई फोनवर तुम्हाला विचारते, आणि तोवर तुम्ही विमानात असता. फ्लूची लस सगळ्यांनीच घ्यावी. साठीच्या पुढच्यांनी आणि दमेकऱ्यांनी न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारावं.

आफ्रिकेत हिवतापाच्या भागात जाणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या लागतात. "आपल्याला काय, मलेरिया होऊन गेलाय" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. तिथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम या घातक जातीच्या जंतूचा असतो आणि तो झपाट्याने मेंदूपर्यंत जातो. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायची. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली असेल तर परतल्यावर सात दिवस. घरी पोचलो म्हणून मधेच सोडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप येतो.

*तपासा:* प्रत्येक लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर आणि शिक्का कागदावर आहे का? "घेतली होती" हे तोंडी कोणी ऐकून घेत नाही.

टप्पा ४: विमा (रिपोर्ट हातात आल्यावर, तिकिटासोबत नाही)

तिकीट काढताना पडद्यावर खाली एक चौकोन येतो, "प्रवास विमा जोडा". मुलगा त्यावर टिचकी मारतो आणि सगळे निर्धास्त होतात. त्या विम्यात सामान हरवण्याची, विमान चुकण्याची काळजी जास्त असते, वडिलांच्या जुन्या मधुमेहाची कमी.

विमा डॉक्टरांच्या भेटीनंतर घ्या, म्हणजे आजारांची यादी खरी भरता येते. फॉर्मवर "आधीपासूनचे आजार" या रकान्यात एजंट सवयीने "नाही" लिहितो. हप्ता कमी येतो, ग्राहक खूश. पुढे तिकडच्या दवाखान्यातून फाइल मागवली जाते. त्यात "दहा वर्षांपासून मधुमेह" असं पेशंटने स्वतःच सांगितलेलं असतं, आणि दावा तिथेच अडकतो. फॉर्म स्वतः भरा, निदान सही करण्याआधी वाचून तरी घ्या.

पॉलिसीत चार ओळी शोधायच्या. जुन्या आजाराने अचानक तब्येत बिघडली तर किती रकमेपर्यंत भरपाई. सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून जाणार. दवाखाना थेट कंपनीकडून पैसे घेतो की आधी आपण भरायचे. आणि वयाची अट. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. ती व्हिसापुरती किमान अट आहे. अमेरिकेला जाताना तेवढ्या रकमेवर समाधान मानू नका.

कंपनीचा परदेशातून लागणारा मदतीचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. भारतातला टोल-फ्री नंबर तिकडून लागत नाही.

टप्पा ५: औषधं आणि त्यांचे कागद (तीन आठवडे आधी)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या माझ्या डोळ्यांसमोर होतात.

*पहिलं काम, चिठ्ठी.* नवी, तारखेची, इंग्रजीत, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह आणि शिक्क्यासह. औषधाचं ब्रँडचं नाव पुरत नाही, मूळ घटकाचं नाव हवं. आपल्याकडची डोलो किंवा क्रोसिन अमेरिकेत कोणी ओळखत नाही. तिथे पॅरासिटामॉललाच अॅसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. शुगरच्या एका गोळीत आपल्याकडे दोन-तीन औषधं एकत्र असतात. तेच मिश्रण तिकडे मिळेल याची खात्री नाही. चिठ्ठीवर प्रत्येक घटक आणि त्याचं प्रमाण वेगवेगळं लिहिलं असेल तर तिथला डॉक्टर पर्याय देऊ शकतो.

*दुसरं, पूर्ण स्ट्रिपा.* स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कापून घेतल्या की ते टोक बऱ्याचदा दुकानातच राहतं आणि तुमच्या हातात सहा गोळ्यांचा बिननावाचा चांदीचा तुकडा उरतो. इथे चालतो. तिकडच्या कस्टममध्ये तो "ओळख न पटलेली गोळी" होतो. म्हणून कापलेली स्ट्रिप घेऊ नका. गोळ्या सोमवार-मंगळवारच्या डबीत भरून नेऊ नका, डबी रिकामी न्या आणि तिकडे जाऊन भरा. मुदत परतीच्या तारखेच्या पुढची हवी. सहा महिन्यांचा साठा एकदम मागाल तर जवळच्या मुदतीचा माल माथी पडू शकतो, म्हणून आठवडाभर आधी सांगून मागवून घ्या.

*तिसरं, बिल.* घाईत आम्ही बिलावर "कॅश" मारतो. तुम्ही पासपोर्टवरचं नाव आणि डॉक्टरांचं नाव सांगून बिल घ्या. दुकानदार कुरकुरला तरी घ्या.

*चौथं, किती न्यायचं.* अमेरिकेत स्वतःपुरती साधारण ९० दिवसांची औषधं नेण्याची मर्यादा सांगितलेली आहे. त्याहून जास्त दिवस राहणार असाल तर डॉक्टरांचं पत्र, चिठ्ठी आणि व्हिसा-पासपोर्टच्या प्रती सोबत असू द्या, आणि उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे मुलीकडून तिकडच्या दुकानात आधीच विचारून ठेवा. विमान रद्द झालं तर म्हणून आठवडाभराची जास्त ठेवा.

*पाचवं, काय न्यायचं नाही.* दुबई-अबुधाबीकडे जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेची किंवा घबराटीची अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्याची प्रीगॅबालिन ही आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळतात. तिथे ती नियंत्रित आहेत आणि न्यायची तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. चिठ्ठी असली तरी परवानगीशिवाय नेणं म्हणजे तुरुंगाला निमंत्रण. सौदीतही असेच कडक नियम आहेत.

आणि खसखस! अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आपण ती औषध म्हणून नेत नाही, नेतो डिंकाच्या लाडवांत, काळ्या मसाल्यात, अनारशांवर. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या डब्यात काय काय आहे हे दुबईला निघालेल्या पोराने विचारून घ्यावं. लाडू करायचेच असतील तर खसखस वगळून करा, चव थोडी उतरेल, बाकी काही होत नाही. सिंगापूरला खाण्याची तंबाखू आणि गुटखा नेणं गुन्हा आहे, "चिमूटभरच हाय" म्हटल्याने सुटका नाही. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या काही औषधांना मनाई आहे.

आयुर्वेदिक औषध न्यायचं तर कंपनीच्या बंद डब्यातलं, लेबल असलेलं. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेलं पांढरं किंवा तपकिरी चूर्ण पाहून कस्टमचा माणूस त्रिफळा ओळखेल, ही अपेक्षा धरू नका.

*इशारा:* "असू द्या सोबत" म्हणून अँटिबायोटिकचे डबे नेऊ नका. जुलाबासाठी एखादा कोर्स डॉक्टरांनी लिहून दिला तर तेवढाच. बाकी पॅरासिटामॉल, ओआरएस, अॅलर्जीची गोळी, पित्ताची गोळी, पट्टी आणि मलम एवढं बस. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं आहे की पेलाभर पाण्याचं, हे वाचून घ्या. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर जुलाब वाढतात.

टप्पा ६: गोळीची वेळ लिहून घ्या (दोन आठवडे आधी)

सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे फारसा प्रश्न येत नाही. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, तिथे मात्र दिवस-रात्र उलटी होते.

दिवसातून एकदा घ्यायची बीपीची किंवा थायरॉइडची गोळी प्रवासात भारतीय वेळेनेच घ्या आणि पोचल्यावर दोन-चार दिवसांत तिकडच्या सकाळवर आणा. इन्सुलिन घेणाऱ्यांचं तसं नाही. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. कोणत्या वेळी किती युनिट हे डॉक्टरांकडून तासांसह लिहून घ्या. "बघून घेऊ" चालणार नाही.

ग्लिमेपिराइड असलेली गोळी (आपल्याकडच्या शुगरच्या चिठ्ठ्यांत ही भरपूर असते) ताट समोर आल्याशिवाय घ्यायची नाही. विमानात जेवण दोन तास लांबतं, गोळी मात्र पोटात गेलेली असते, आणि साखर खाली जाते. प्रवासाच्या दिवशी एकादशी आली तर पांडुरंगाची मनातून माफी मागा आणि जेवा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा गूळ-शेंगदाणे ठेवा.

ग्लुकोमीटरही आपलाच न्या, पट्ट्यांसह. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या एककात मोजतात. तिथला ८ चा आकडा म्हणजे आपल्याकडचे १४४. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला येतो. हे माहीत नसल्याने "शुगर आठवर आली" म्हणून घरभर रडारड होऊ शकते.

टप्पा ७: औषधांची पिशवी (निघण्याच्या दोन दिवस आधी)

सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत एकही नको. मोठी बॅग हरवते, उशिरा येते. विमानाच्या पोटात थंडीने इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर जसंच्या तसं दिसलं तरी ते टाकूनच द्यायचं. दोघे नवरा-बायको जात असाल तर दोघांच्या हातातल्या बॅगांत अर्धा अर्धा साठा ठेवा.

पण आपल्याकडची खरी अडचण विमानाच्या आधीच सुरू होते. मे महिन्यात दुपारी चारला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत बॅग टाकली की आत भट्टी होते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन साध्या खोलीच्या तापमानाला साधारण महिनाभर टिकतं, पण खोलीच्या, डिकीच्या नव्हे. थर्मासच्या पिशवीत बर्फाची पाकिटं ठेवा, इन्सुलिन रुमालात गुंडाळा म्हणजे ते बर्फाला थेट टेकणार नाही, आणि पिशवी स्वतःच्या मांडीजवळ घ्या. डिकी नाही, डॅशबोर्डही नाही.

सुया आणि पातळ औषधांसाठी चिठ्ठी वरच ठेवा, सुरक्षा तपासणीत विचारतात. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड दाखवून हाताने तपासायला सांगा. बदललेल्या गुडघ्याचं डिस्चार्ज कार्ड सोबत असू द्या.

*तपासा:* चिठ्ठी, विमा, लसींची कार्डं, ईसीजी यांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये, मुलाच्या फोनमध्ये आणि एक कागदी संच पिशवीत. फोनची बॅटरी संपलेल्या माणसाकडे कागद तरी हवा.

टप्पा ८: घर ते विमान

हा टप्पा मुंबई-पुण्याच्या लोकांच्या डोक्यात नसतो. आपल्याकडून निघणारा माणूस विमानात बसेपर्यंतच रात्रभर पाय लोंबकळत बसलेला असतो. देवगिरी एक्सप्रेस असो, नंदिग्राम एक्सप्रेस असो की स्लीपर ट्रॅव्हल्स, त्यावर विमानतळाचे चार तास, आणि मग अमेरिकेचा पंधरा-सोळा तासांचा प्रवास. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना, कर्करोगावर उपचार चालू असणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि आधी गुठळी होऊन गेलेल्यांना तो आणखी जास्त. यांनी दाब देणारे मोजे किंवा इंजेक्शन लागेल का हे टप्पा २ मध्येच विचारायला हवं.

जमलं तर मधे एक रात्र मुक्काम करा. नांदेड, लातूर, देगलूरकडच्यांनी हैदराबादहून विमान मिळतं का बघावं, रस्ता बराच वाचतो. विमानात दर दोन तासांनी उठून फेरी मारा आणि बसल्या जागी घोटे गोल फिरवा. पाणी प्या. "सारखं बाथरूमला जावं लागतं" म्हणून पाणी तोडणाऱ्या आया-मावश्या बऱ्याच असतात. बाहेरच्या बाजूची सीट घेऊन द्या, म्हणजे उठायला कोणाची विनवणी करावी लागत नाही. व्हीलचेअर लागणार असेल तर किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. संकोच करू नका, मोठ्या विमानतळांवर चालणं कोसभर असतं.

टप्पा ९: पोचल्यावर आणि परतल्यावर

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बीपी आणि साखर तपासा, आणि आठवडाभर तपासत राहा. थंडीत चालणं कमी होतं, लेकीच्या हातचं जेवण जास्त होतं, आकडे वर जातात. एका पोटरीला सूज येऊन दुखत असेल किंवा एकाएकी धाप लागली तर "प्रवासाचा शीण" म्हणून झोपू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात देशाचं नाव सांगा. आफ्रिकेतून आलेल्याने तीन महिन्यांनी ताप आला तरी सांगायचं आणि त्याच दिवशी हिवतापाची रक्त तपासणी करून घ्यायची. पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांनाच ताप असतो, तुमचा कोणता हे डॉक्टरांना बघून कळत नाही. पिवळं कार्ड आणि लसींचे कागद पासपोर्टच्याच पाकिटात ठेवून द्या. उरलेल्या गोळ्यांची मुदत बघा, आणि परदेशी जाऊन आलेल्यांपैकी कोणाचा डोस तिकडे बदलला असेल तर तिकडची चिठ्ठी घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा, मग मेडिकलवर या.